जाताना ‘येतो’ म्हणणारी माणसं

दोन वर्षांपूर्वी एक जर्मन मुलगी आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी सहा महिने राहायला होती. मराठी शिकायला आली होती. वरची खोली तिची, जेवणखाण आमच्याबरोबर. आईला काकू म्हणायची आणि रोज रात्री एका जाडजूड वहीत काहीबाही खरडत बसायची. परत जायच्या आधी तिने त्यातली काही पानं मला मराठीत सांगून दाखवली. पहिल्या आठवड्यातली एक नोंद अशी होती: ‘इथली माणसं उंबऱ्यात उभी राहून खोटं बोलतात. निघालेली असतात, आणि म्हणतात येतो.’

मला हसू आलं. मग जरा ओशाळल्यासारखं झालं. पंचेचाळीस वर्षं मी ‘येतो’ म्हणून घराबाहेर पडतोय आणि त्यात काही सांगण्यासारखं आहे हे एकदाही मनात आलं नव्हतं. ‘जातो’ म्हणू नये, हे आजीनं कधीतरी डोळे वटारून शिकवलं असणार. ते शिकल्याचंही आठवत नाही. या मुलीला मात्र ते चार दिवसांत दिसलं. आता ‘जाणं’ म्हणजे मरणंही असतं, म्हणून घरातून निघणारा माणूस तो शब्द तोंडातून काढत नाही, हे तिला ठाऊक असायचं कारण नव्हतं. तिनं आपल्या परीनं अर्थ लावला: खोटं बोलतात.

परक्या देशातून आलेल्या माणसांनी आपल्याबद्दल काय काय लिहून ठेवलं, ते कसं वाचायचं, हा विषय फार मोठा आहे, आणि त्यावर जड शब्दांत लिहिणारे पुष्कळ आहेत. मला वाटतं त्याचं मर्म या एका वाक्यात आहे. ‘निघताना येतो म्हणतात’ हे तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं. ते शंभर टक्के खरं. ‘खोटं बोलतात’ हे ती घरून घेऊन आली होती, कारण तिच्या भाषेत जाणारा माणूस जातो म्हणतो. कुठल्याही प्रवासवर्णनात हे दोन थर एकमेकांत मिसळलेले असतात. तिसराही एक थर असतो, तो म्हणजे कुणीतरी सांगितलेलं. दुभाष्यानं, दलालानं, खाणावळवाल्यानं, नाहीतर आधी येऊन गेलेल्या देशबांधवानं. वाचणाऱ्याचं काम काय, तर कुठलं वाक्य कुठल्या थरातलं आहे ते ओळखायचं. सांगायला सोपं आहे. करायला बसलं की घाम फुटतो, कारण लिहिणारा तिन्ही थर एकाच ठाम सुरात लिहितो.

आपल्या जिल्ह्यातल्याच एका जागेवरून सुरुवात करू. जुन्नर.

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफानासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी समुद्रमार्गे चौलला उतरला. गाव त्याचं त्वेर, मॉस्कोच्या वायव्येला. बरोबर विकायला एक घोडा. दख्खनमध्ये चांगली घोड्याची पैदास नव्हती, अरबी-इराणी घोड्याला इथे सोन्याचा भाव मिळायचा, म्हणून ही उठाठेव. घाट चढून तो बहमनी राज्यातल्या जुन्नरला आला आणि पावसाळाभर तिथेच अडकला. त्याच्या टिपणांत जुन्नरबद्दल एक गंमत आहे. तो लिहितो की इथे या दिवसांत हिवाळा असतो, चार महिने, दिवसरात्र नुसतं पाणी आणि चिखल, आणि याच दिवसांत लोक नांगरतात, पेरतात.

हिवाळा! जुन्नरकर हसतील. पण चार महिने सलग पाऊस कोसळतो असा ऋतू त्वेरच्या माणसाच्या ओळखीचा नव्हता. त्याला त्याच्याकडे शब्द नसावा, म्हणून घरचाच एक वापरला. शब्द चुकला, पण त्यानं टिपलेली गोष्ट पक्की आहे: आषाढ-श्रावणात घाटमाथ्यावरचा व्यापार ठप्प असायचा, परदेशी सौदागर जिथे असेल तिथे चार महिने खर्च करत बसायचा.

त्याच टिपणांत तो घोड्यांना काय घालतात तेही लिहितो. हरभरे, आणि साखर-लोणी घातलेली खिचडी. आता आपल्याकडच्या बखरींमध्ये घोड्यांचे पराक्रम पानोपानी आहेत. ‘घोडा फेकला’, ‘घोडियांच्या टापांनी धुरळा उडाला’ असलं सगळं. घोडा सकाळी काय खायचा ते बखरकार कशाला लिहील? त्याच्या वाचकाच्या दारात घोडा बांधलेला होता. जे सगळ्यांना माहीत असतं ते कुणी लिहून ठेवत नाही, आणि पाचशे वर्षांनी नेमकं तेच कुणालाच माहीत नसतं. परक्याच्या लिहिण्याची खरी किंमत मला इथे दिसते. तो मूर्ख प्रश्न विचारतो. हे काय? हे कशाला? याला काय घालता? घरच्या माणसाला हे प्रश्न पडतच नाहीत.

इथली माणसं उघडीनागडी फिरतात, डोकं झाकत नाहीत, छाती उघडी, असं निकितिन लिहितो. पण पुढे हेही सांगतो की इथला राजासुद्धा एक वस्त्र डोक्याला आणि दुसरं कमरेला गुंडाळतो. म्हणजे जो माणूस थोर आहे तोही त्याला अर्धा उघडाच दिसतो. त्याच्या गावी माणसाची पत अंगावरच्या कपड्यांच्या थरांवरून कळायची. थंडीचा मुलूख, जितका श्रीमंत तितकी जाड फर. ती मोजपट्टी इथे चालेना. आपण गोरे आहोत म्हणून लोक मागे मागे येतात, बघत राहतात, हेही तो नमूद करतो. कोण कुणाला बघायला आलं होतं, हा प्रश्नच आहे.

शहर त्यानं कसं वर्णिलंय तेही पाहण्यासारखं आहे. दगडी बेटावर वसलेलं, माणसानं नव्हे तर देवानं घडवलेलं, वर जायला अरुंद वाट, एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो आणि चढायला दिवस लागतो. शिवनेरीच्या पायऱ्या आज तासाभरात चढून होतात, म्हणून ‘दिवस’ वाचल्यावर हा थापा मारतो असं वाटतं. पण एकामागे एक असा लवाजमा, सामानसुमान त्या वाटेनं वर न्यायचं म्हटलं तर दिवस मोडेलही. शिवाय त्याच जुन्नरमध्ये तिथल्या खानानं त्याचा घोडा काढून घेतला होता. हा मुसलमान नाही असं कळल्यावर खानानं त्याला बजावलं, धर्म बदल, घोडा परत देतो आणि वर हजार मोहराही देतो. चार दिवसांची मुदत. अखेर एका खुरासानी माणसानं रदबदली केली म्हणून तो सुटला. इतक्या धास्तीत काढलेल्या गावाची चढण माणसाला जास्तच उभी वाटणार. लिहिणारा कुठल्या अवस्थेत होता, हेसुद्धा वाचायचं असतं. देवाची करुणा भाकताना हा निकितिन रशियन सोडून तुर्की-फारसी-अरबी शब्दांच्या खिचडीत शिरतो, आणि लाजिरवाण्या गोष्टी लिहितानाही तेच करतो! घरी परतताना वाटेत, स्मोलेन्स्कच्या आसपास तो वारला. वही तेवढी पोचली.

आता दोनशे वर्षं पुढे येऊ. १६७४, रायगड. हेन्री ऑक्झेंडन हा इंग्रजांचा वकील राज्याभिषेकाच्या वेळी गडावर होता, हे शाळेत आपण सगळेच शिकलो. ६ जूनला त्यानं नजराणा दिला, सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोनेरी भाल्यांच्या टोकांवर लावलेली चिन्हं पाहिली: मोठ्या दातांची माशांची सोनेरी डोकी, घोड्यांच्या शेपट्या, आणि न्यायाचं चिन्ह म्हणून तराजू. दारातले दोन लहान हत्ती पाहून, इतक्या अवघड वाटेनं हे वर आणले कसे, याचं त्याला नवल वाटलं. महाराजांची सुवर्णतुला झाली तेव्हा सोनं सुमारे १६,००० होन भरलं, असा आकडाही त्यात आहे. हा आकडा लिहिला गेला म्हणून पुढच्या इतिहासकारांना महाराजांच्या वजनाचा अंदाज बांधता आला. वखारीतला माणूस. तो जिथे जाईल तिथे मोजणार. वैदिक विधी नेमका काय चाललाय हे त्याच्या डोक्यावरून गेलं, पण होन किती ते नाही.

पण माझा आवडता प्रसंग दरबारातला नाही, मुदपाकखान्यातला आहे. हे इंग्रज महिनाभर गडावर होते, आणि गडावरचं जेवण म्हणजे डाळ-तांदळाची, भरपूर तूप घातलेली खिचडी. त्यांना काही ते सोसेना. मग मटणाची सोय झाली. गडावर मांस खाणारे इतके थोडे, की खाटकाचा धंदा जेमतेम चालायचा. हे चारदोन इंग्रज रोज अर्धा बकरा फस्त करायला लागले. तेव्हा तो म्हातारा खाटीक, एवढं मटण खाणारी माणसं आहेत तरी कशी, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायला खास गड चढून आला!

हा प्रसंग जॉन फ्रायर नावाच्या डॉक्टरच्या पुस्तकात आहे. म्हणजे बघा, ऑक्झेंडनच्या माणसांनी अनुभवलेला, फ्रायरनं ऐकलेला, आणि पुस्तक छापून आलं १६९८ मध्ये, चोवीस वर्षांनी. दोन ओंजळींतून आलेलं पाणी. तरी मला ते विश्वासार्ह वाटतं, कारण या गोष्टीत इंग्रजांची शोभाच होते, फुशारकी नाही. प्रवासी जेव्हा स्वतःचं हसं झालेलं सांगतो तेव्हा सहसा खरं बोलत असतो. हा नियम नव्हे, माझा अनुभव. आणखी एक: रायगडावरचं रोजचं जेवण खिचडी-तुपाचं होतं आणि मांसाला गिऱ्हाईक कमी होतं, ही माहिती एका नाराज पाहुण्याच्या तक्रारीतून आपल्यापर्यंत आली. तक्रारी जपून ठेवाव्यात.

या मंडळींना मराठी येत नव्हती, हे विसरून चालत नाही. त्यांच्यासाठी बोलत होता नारायण शेणवी हा दुभाष्या, आणि गडावर त्यांची सरबराई करत होते निराजीपंत. इंग्रजांना जे कळलं ते या दोघांनी कळू दिलं तेवढंच. ‘राजा असं म्हणाला’ असं इंग्रजी कागदात दिसलं की मी मनात नेहमी एक शेणवी उभा करतो. राजा काहीतरी म्हणाला, शेणव्यांनी त्यातलं सांगण्यासारखं सांगितलं, साहेबानं त्यातलं समजलेलं लिहिलं. दुभाष्या ही इतिहासातली फार दुर्लक्षित जात आहे. सगळं त्याच्या तोंडातून गेलं, आणि चित्रांमध्ये तो कोपऱ्यात उभा असतो, तेही काढला असेल तर.

फ्रायरचा विषय निघालाच आहे तर पुन्हा जुन्नरला जाऊ. १६७५ मध्ये तो तिथे गेला. तेव्हा जुन्नर मोगलांकडे होतं आणि तिथल्या मोगल अधिकाऱ्याच्या घरी त्याला वैद्य म्हणून बोलावणं आलं. रुग्ण जनानखान्यातली बाई. मधे पडदा. पडद्यातून एक हात बाहेर आला, फ्रायरनं नाडी पाहिली आणि म्हणाला, हिला तर काही झालेलं नाही, प्रकृती ठणठणीत आहे. सगळे चकित! कारण तो हात एका धडधाकट दासीचा होता. फिरंगी डॉक्टरला काही येतं का थापाड्या आहे, याची परीक्षा घेतली होती. परीक्षेत पास झाल्यावर मग खऱ्या रुग्णाचा हात बाहेर आला.

पुढे कधीतरी तो पडदाच खाली पडला. आतल्या बायका जाळं टाकल्यावर पाखरं फडफडावीत तशा फडफडल्या, असं फ्रायर लिहितो, पण पळाली एकही नाही. बोटांच्या फटीतून त्याच्याकडे बघत राहिल्या. आणि त्यांच्यासमोर काय होतं? सोललेले आंबे, लोणच्यासाठी आणि मुरंब्यासाठी. शिवणकाम.

युरोपात त्या काळी जनानखान्याच्या कहाण्यांना फार मागणी होती. गाद्यागिरद्या, अत्तरं, कटकारस्थानं. लिहिणाऱ्या बहुतेकांनी उंबरठाही ओलांडलेला नसायचा. इथे एक माणूस चुकून आत बघतो आणि त्याला काय दिसतं, तर उन्हाळ्याची लोणच्याची लगबग. फ्रायर हा काही फार सहानुभूतीचा लेखक नाही, टोमणे मारण्यात पटाईत आहे. पण डॉक्टरच्या डोळ्याला सवय लागलेली असते, समोर आहे ते नोंदवायची. डॉक्टर देह बघतो, व्यापारी भाव बघतो, पाद्री देव बघतो आणि त्याला सगळीकडे सैतान दिसतो. प्रवाशाचा धंदा आधी पाहावा, देश नंतर.

या न्यायानं पुण्याबद्दल परक्यांनी लिहिलेला सगळ्यात मोलाचा मजकूर कुठला, असं कुणी विचारलं तर मी शनिवारवाड्याच्या वर्णनांकडे जाणार नाही. मी एका नाकाकडे बोट दाखवीन.

कावसजी नावाचा एक गाडीवान इंग्रज फौजेबरोबर टिपूविरुद्धच्या लढाईत होता. तो टिपूच्या हाती सापडला, त्याचं नाक आणि एक हात तोडण्यात आला. वर्षभराहून जास्त काळ बिचारा तसाच वावरला. मग पुण्याजवळच्या एका माणसानं त्याला नवीन नाक बसवून दिलं. मुंबई इलाख्याचे दोन इंग्रज डॉक्टर, क्रूसो आणि फिंडले, यांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये तिची हकीकत पत्ररूपानं छापून आली, सोबत कावसजीचं चित्र.

त्या पत्राची भाषा बघण्यासारखी आहे. विशेषणं जवळपास नाहीतच. मेणाचा पातळ तुकडा घेऊन तुटलेल्या नाकावर बसेल असा आकार देतात. तो सपाट करून कपाळावर ठेवतात, कडेनं रेघ ओढतात. रेघेच्या आतली कातडी सोडवतात, पण दोन डोळ्यांच्या मधे एक पट्टी जोडलेली ठेवतात, म्हणजे रक्तपुरवठा चालू राहतो. मग ती कातडी पीळ देऊन खाली वळवतात आणि नाकाच्या जागी बसवतात. सांध्यावर काय, तर पाण्यात भिजवलेला कात! कापडाच्या पट्ट्यांवर लावून पाचसहा पट्ट्या एकावर एक. चार दिवस दुसरं काही नाही. नंतर तुपात भिजवलेल्या घड्या. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास मधली पट्टी कापून टाकायची. आपला विड्यातला कात आणि फोडणीतलं तूप इथे औषधाच्या पेटीत बसलेले दिसतात. हे पत्र वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदानं अभ्यास केला, १८१४ मध्ये तशी शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक छापलं. युरोपातल्या प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात हे पुण्याचं पान आहे.

आता खटकणारी गोष्ट. कावसजीचं नाव त्या हकीकतीत आहे. पाहणाऱ्या डॉक्टरांची नावं आहेत. ज्यानं नाक बसवलं त्याचं नाव नाही. तो फक्त ‘विटा करणाऱ्यांच्या जातीचा’ एक माणूस. म्हणजे कुंभार. कातडी किती कापली, कशी वळवली, हे बोटभर अंतरावरून पाहणाऱ्यांनी त्याला नाव विचारलं नाही, किंवा विचारलं आणि लिहावंसं वाटलं नाही. खरं तर आपल्याही कुणाला ते लिहावंसं वाटलं नाही. त्यामुळे एकट्या साहेबाला बोल लावून भागत नाही.

चित्रांचंही असंच वाचावं लागतं. नाना फडणवीस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जी सडपातळ, लांब चेहऱ्याची मूर्ती येते ती जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराची. संगमावरच्या इंग्रज वकिलातीत चार्ल्स मॅलेट होता, त्यानं वेल्सला पुण्यात आणलं, आणि वेल्सनं १७९२ च्या सुमारास नाना आणि सवाई माधवराव यांना समोर बसवून रंगवलं. हा पहिला थर, डोळ्यांनी पाहिलेला. पण आणखी एक भलंमोठं चित्र प्रसिद्ध आहे: टिपूविरुद्धचा १७९० चा तह, पेशव्यांचा दरबार, मॅलेट कागद देतोय. ते रंगवलं थॉमस डॅनियलनं, १८०५ मध्ये, इंग्लंडमध्ये बसून. वेल्सनं करून ठेवलेल्या रेखाटनांवरून. आणि वेल्स मुळात हिंदुस्थानात आला १७९१ मध्ये! म्हणजे तहाच्या दिवशी त्या दरबारात दोघांपैकी एकही चित्रकार नव्हता. चेहरे खरे, कपडे खरे, प्रसंग ऐकीव. पाठ्यपुस्तकांत आणि व्याख्यानांत ते फोटो असल्यासारखं दाखवलं जातं.

दोष काही एकट्या लिहिणाऱ्याचा नसतो, वाचणाऱ्याचाही असतो. आमच्या पुण्यात व्याख्यानमालांना तोटा नाही. सातव्या शतकात चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग महाराष्ट्रात आला होता आणि इथले लोक उपकार विसरत नाहीत, अपमान सहन करत नाहीत, असं त्यानं लिहिलं, हे वाक्य मी निदान दहा व्याख्यानांत ऐकलंय. टाळ्याही ठरलेल्या. त्याच वर्णनात पुढे, लढाईला जाण्याआधी इथले योद्धे दारू पितात आणि हत्तींनाही पाजतात, असं लिहिलंय, ते कुणी सांगत नाही. कौतुक केलं तर तो चिकित्सक निरीक्षक, नावं ठेवली तर तो अज्ञानी परका. तसं पाहिलं तर तेव्हाच्या पुलकेशी राजाच्या सैन्याचे हत्ती झिंगलेले असायचे, ही माहिती त्या कौतुकापेक्षा जास्त ठोस आहे. ‘अमुक देशाचे लोक मानी असतात’ असं प्रत्येक प्रवाशानं प्रत्येक देशाबद्दल लिहिलेलं आहे.

कौतुकसुद्धा घरून आणलेलं असू शकतं. अठराव्या शतकात ऑंकेतिल द्युपेराँ हा फ्रेंच विद्वान मराठ्यांच्या मुलखातून गेला आणि आपण सुवर्णयुगातल्या साधेपणात आणि सुखात आलो असं वाटलं, असं त्यानं लिहिलं. वाचून बरं वाटतं. पण तेव्हाच्या फ्रेंच विचारवंतांना आपल्या दरबारी समाजाचा वीट आला होता आणि कुठेतरी साधी, निर्मळ माणसं असलीच पाहिजेत अशी त्यांची खात्री होती. ती त्याला इथे सापडली. याच मराठ्यांना इंग्रजांच्या कागदात लुटारू हा शब्द सर्रास दिसतो, कारण त्यांना इथे जमीन हवी होती. एकच मुलूख, एकच माणसं.

मग खरं-खोटं कशावर पडताळायचं? आपल्याच कागदांवर. बखरकार घोड्याचा खुराक लिहीत नाही हे खरं, पण कारकून लिहितो. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीतले कोट्यवधी कागद रुमालात बांधून ठेवलेले आहेत, आणि त्यातल्या रोजकीर्दींत तेल किती, तूप किती, कुणाला काय बिदागी, असलं सगळं आहे. कारकून कुणावर छाप पाडायला लिहीत नव्हता, हिशोब द्यायला लिहीत होता. प्रवाशानं सांगितलेली गोष्ट रोजकीर्दीत सापडली की समजावं, जमलं.

हॅरिएट मार्टिनो या इंग्रज बाईनं १८३८ मध्ये, परका समाज कसा पाहावा यावर एक आख्खं पुस्तक लिहिलं. तिचा सल्ला थोडक्यात असा की आधी वस्तू पाहा, मग माणसांचं बोलणं ऐका. तुरुंग, बाजार, स्मशानं, घरांची दारं. माणसं बोलतात ते त्या वस्तूंवरचं भाष्य म्हणून घ्या. आमच्या पेठांमधल्या पाट्या तिनं पाहिल्या असत्या तर तिला एक प्रकरण वाढवावं लागलं असतं.

तिच्या सल्ल्याचा पुरेपूर उपयोग मला एका पुण्याच्याच माणसात दिसतो. पुण्याचा म्हणजे इंग्रज, पण शेतकी कॉलेजचा प्रिन्सिपॉल: हॅरल्ड मान. तो प्रवासी नव्हता, वर्षानुवर्षं राहिलेला होता. त्यानं पुण्याजवळचं एक खेडं घेतलं आणि मातीपासून कर्जापर्यंत सगळं मोजलं. १९१७ मध्ये ते छापून आलं. १५६ जमीनमालक, त्यांच्या जमिनीचे ७२९ तुकडे, त्यातले ४६३ एकरापेक्षाही लहान. १७७१ मध्ये सरासरी खातं सुमारे ४० एकरांचं होतं, ते १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आलेलं. इंग्रजी राज्यात शेतकरी सुखी आहे असं सरकार म्हणत असताना सरकारचाच माणूस हे आकडे मांडत होता. ‘इथले लोक आळशी’ किंवा ‘इथले लोक साधे’ असल्या वाक्यांची त्याला गरज पडली नाही. आणि ते खेडं कुठलं? पिंपळे सौदागर. आज तिथे टॉवर आहेत, आणि जमिनीचा भाव चौरस फुटावर निघतो.

उलटी नजर कशी असते तेही थोडं पाहू. फॅनी पार्क्स ही इंग्रज बाई १८३०च्या दशकात उत्तर हिंदुस्थानात फत्तेगडला बायजाबाई शिंद्यांना भेटली. बायजाबाई म्हणजे कागलच्या घाटग्यांची लेक, दौलतराव शिंद्यांची राणी. घोड्यावर मांड ठोकून बसणारी. इंग्रज बायका दोन्ही पाय एका बाजूला सोडून घोड्यावर बसतात हे पाहून बाईसाहेबांना हसू आवरेना. मग फॅनीला मराठी वेष नेसवून मराठी पद्धतीनं घोड्यावर बसवलं, आणि तिला तेच जास्त सोयीचं वाटलं, असं तिनं स्वतः लिहिलंय. बायजाबाईंनी त्या रात्री कुणाला पत्र लिहून ‘या फिरंगी बायका घोड्यावर वाकड्या बसतात’ असं कळवलं असतं, तर इंग्लंडच्या लोकस्थितीवरचा तो आपला एक उत्तम कागद ठरला असता.

तसा कागद पुढे आपल्याकडे झाला. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला अमेरिकेत गेल्या, तिथेच फिरत राहिल्या आणि १८८९ मध्ये त्यांचं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ आलं. त्यात घरं आहेत, शाळा आहेत, बायकांच्या संस्था आहेत, आणि काळ्या लोकांना मिळणारी वागणूकही आहे. अमेरिकेची स्तुती भरपूर आहे. ती वाचताना लक्षात येतं की बाई अमेरिकेकडे बोट दाखवतायत, पण डोळा इथल्या सोवळ्याओवळ्यावर आहे. परक्या समाजाबद्दल लिहिणारा बहुतेक वेळा घरच्यांशी भांडत असतो. द्युपेराँही तेच करत होता.

तर ती जर्मन मुलगी. ‘खोटं बोलतात’ या ओळीवर तिनं नंतर काट मारली होती, आणि बाजूला आईनं दिलेलं स्पष्टीकरण लिहिलं होतं. काट मात्र अशी मारली होती की खालचं वाचता यावं. मला ते फार आवडलं. मी तिला निकितिनचा हिवाळा सांगितला, फ्रायरचा पडदा सांगितला, नाक सांगितलं, मॅलेटचं चित्र मोबाइलवर काढून दाखवलं. ती लिहीत होती. शेवटी म्हटलं, माझ्याबद्दल काही लिहिलंयस का? तिनं बराच वेळ पानं उलटली आणि वाचलं: ‘घरातला मुलगा पंचेचाळीस वर्षांचा आहे. तो इतिहासावर खूप बोलतो. चहा गार होतो, मग तो आईला पुन्हा गरम करायला सांगतो.’

मी म्हटलं, हे काही बरोबर नाही. एकदोनदा झालं असेल, त्यावरून असा सरसकट निष्कर्ष काढायचा नसतो, आता इतका वेळ मी हेच सांगतोय.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि माझ्यासमोरचा कप उचलून परत आत घेऊन गेली.